काढल्यावर कुठे ठेवता? : अंबडच्या एका अभियंत्याच्या घड्याळनिवडीचे प्रकरण

नाशिकच्या मेन रोडवर आमचे घड्याळांचे दुकान आहे. विक्री आणि दुरुस्ती ही दोन्ही कामे एकाच काउंटरवर चालत असल्यामुळे एखादे घड्याळ कोणत्या अपेक्षेने घेतले गेले आणि दोन-तीन वर्षांनी ते कोणत्या अवस्थेत परत आले, हे दोन्ही आम्हाला पाहायला मिळते. पुढे मांडलेले प्रकरण फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाले आणि एप्रिल २०२५ पर्यंत चालले. ते सविस्तर लिहून ठेवण्याचे कारण असे, की बैठकीच्या पोशाखावर शोभेल आणि रोजही वापरता येईल असे घड्याळ कोणते, या प्रश्नाला आम्ही वर्षानुवर्षे ज्या क्रमाने उत्तर देत आलो होतो, तो क्रम या एका गिऱ्हाइकामुळे उलटा झाला. त्यांची ओळख पटू नये म्हणून त्यांचे नाव आणि कारखान्याचा नेमका तपशील वगळला आहे.

तक्रार आणि तपासणी

गिऱ्हाईक एकतीस वर्षांचे, अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात गुणवत्ता विभागात अभियंता. वाहनांसाठी लागणारे टर्निंग आणि ग्राइंडिंगचे भाग तिथे तयार होतात. त्यांना नुकतीच बढती मिळाली होती आणि त्यामुळे महिन्यातून एकदोनदा चाकणला, ज्यांना माल पुरवला जातो त्या कंपनीच्या बैठकांना आणि तपासण्यांना जाणे भाग होते. मनगटावर लग्नात सासऱ्यांनी दिलेले ऑटोमॅटिक, म्हणजे हाताच्या हालचालीने आपोआप चावी भरणारे, घड्याळ होते : ४२ मिलिमीटर व्यासाचे, सोनेरी कडा असलेले आणि तबकडीला मधोमध खिडकी ठेवून आतले चक्र फिरताना दाखवणारे.

"काका, हे घड्याळ रोज तीन-चार मिनिटे पुढे जाते. दोनदा दुरुस्त करून आणले. आता हे घरी ठेवतो आणि मला एकच चांगले घड्याळ दाखवा, जे कारखान्यातही चालेल आणि चाकणलाही. वीस हजारांपर्यंत तयारी आहे," असे त्यांनी आल्या आल्या सांगितले. सोबत पत्नी होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, पण बाबांना काय वाटेल?"

हा प्रश्न किरकोळ समजू नये. जावयाला घड्याळ आणि अंगठी देण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे, आणि एचएमटीचा काळ ज्यांनी पाहिला त्यांना कांचन हे ऑटोमॅटिक मॉडेल लग्नसराईत मिळवण्यासाठी केलेली धावपळ आठवत असेल. असे घड्याळ नुसते वेळ दाखवत नाही, ते नाते दाखवते; त्यामुळे नवे घड्याळ निवडताना जुन्याचे काय करायचे, हा प्रश्नही निवडीचाच भाग असतो.

प्रथम जुने घड्याळ टाइमिंग मशीनवर, म्हणजे टिकटिक ऐकून चाल रेषांनी दाखवणाऱ्या उपकरणावर, लावले. यंत्रात दोष काहीच दिसत नव्हता, फक्त दिवसाला १९० सेकंद पुढे अशी नोंद येत होती. ऑटोमॅटिक यंत्र जुने होऊन सुकले, तेल वाळले, तर ते साधारणपणे आधी मंदावते, अडखळते आणि नोंदीच्या रेषा वाकड्यातिकड्या येतात. इथे रेषा सरळ होत्या आणि चाल मात्र सुसाट. मी काउंटरच्या खणातले लहान होकायंत्र काढून घड्याळाशेजारी धरले. सुई गर्रकन वळली आणि घड्याळ फिरवले तशी त्याच्यामागे फिरू लागली.

या घड्याळात चुंबकत्व शिरले होते. ऑटोमॅटिक घड्याळाचा जीव म्हणजे केसापेक्षाही बारीक अशी एक वेटोळ्याची कमान. तिच्या आकुंचन-प्रसरणावर तोलचक्र मागेपुढे झुलते, या यंत्रात सेकंदाला सहा वेळा, म्हणजे तासाला २१,६०० वेळा. कमानीत चुंबकत्व आले की तिची वेटोळी एकमेकांना चिकटू पाहतात, कमानीची कामाची लांबी जणू कमी होते, झोका आखूड आणि जलद होतो आणि घड्याळ पुढे धावू लागते. आधीच्या दोन्ही दुरुस्त्यांमध्ये बहुधा नियंत्रकाचा काटा मागे सरकवून चाल मंद केली गेली असावी, कारण तो काटा एका टोकाला गेलेला होता. रोग तसाच ठेवून तापमापीचा पारा खाली ढकलल्यासारखे ते झाले होते.

आमच्याकडे चुंबकत्व घालवण्याचे यंत्र आहे. दिसायला ते एका जाड पाटीसारखे असते. बटण दाबून घड्याळ त्यावरून सावकाश उचलत हातभर लांब नेले. एवढ्या कामाला अर्धे मिनिटही लागत नाही. नंतर नियंत्रकाचा काटा मधे आणून पुन्हा मशीनवर लावले, तेव्हा नोंद ९ सेकंद पुढे अशी आली. दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ९ सेकंदांची चूक म्हणजे दहा हजारांत एक, आणि या वर्गाच्या यंत्राला ती अगदी उत्तम म्हणावी लागेल. कारण अशा यंत्रांचे उत्पादक स्वतःच दिवसाला २० सेकंद मागे ते ४० सेकंद पुढे एवढी सूट धरून चालतात.

गिऱ्हाइकाचा चेहरा उजळला, पण माझे समाधान झाले नव्हते. चुंबकत्व आले कुठून, हे कळल्याशिवाय ते पुन्हा येणार हे उघड होते. मोबाइल, पाकिटाचे चुंबकी बटण, कानातल्या स्पीकरची डबी अशी नेहमीची संशयितांची यादी विचारून झाली. वेल्डिंगजवळ ते जात नसत. मग मी सहज विचारले, "साहेब, कारखान्यात घड्याळ हातातच असते ना?"

"छे! चालू मशीनजवळ घड्याळ, अंगठी, कडे काहीच चालत नाही. लाइनवर गेलो की काढतो."

"आणि काढल्यावर कुठे ठेवता?"

ते क्षणभर थांबले. मग स्वतःच हसले. घड्याळ काढून ते ग्रॅनाइटच्या सरफेस प्लेटवर, म्हणजे मोजणीसाठीच्या सपाट दगडी पाटावर, ठेवत असत. त्याच प्लेटवर डायल गेजचा (बारीक मापे काट्याने दाखवणाऱ्या साधनाचा) स्टँड उभा असे, त्याच्या बुडाशी चुंबकी बेस. कळ फिरवली की तो बेस लोखंडाला असा चिकटतो की दोन्ही हातांनी ओढावा लागतो. दिवसातून चार-पाच वेळा सासऱ्यांचे घड्याळ त्या बेसला लागून विसावत होते. घड्याळाच्या चुंबकरोधकतेचे जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात ४,८०० अँपिअर प्रति मीटर इतक्या क्षेत्रात घड्याळ टिकले पाहिजे अशी अट आहे. बेसला टेकलेल्या वस्तूला याच्या कितीतरी पट क्षेत्र सोसावे लागते. विशेष म्हणजे ग्राइंड केलेल्या भागांमधले चुंबकत्व घालवण्याचे यंत्र त्यांच्याच विभागात होते आणि त्याची रोजची तपासणीही तेच करत असत.

आठवड्याची नोंद

त्या दिवशी मी त्यांना घड्याळ विकले नाही. आमचे धाकटे बंधू यावर नाराज झाले, आणि दुकानदार म्हणून त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण आतापर्यंत आम्ही गिऱ्हाइकाला विचारत होतो की घड्याळ घालून कुठे जाणार. इथे तर सगळे उत्तर घड्याळ काढल्यानंतरच्या वेळेत लपलेले होते. म्हणून त्यांना सांगितले, की एक आठवडा घड्याळ केव्हा घातले, केव्हा काढले आणि काढून कुठे ठेवले एवढे लिहून आणा. गुणवत्ता विभागातला माणूस. त्याने तक्ता आखून आणला.

तक्त्यातून जे निघाले ते असे. घड्याळ दिवसाला साधारण पंधरा तास वापरात होते आणि त्यात सरासरी पाच वेळा काढले जात होते. काढण्याच्या जागा मुख्यतः तीन : सरफेस प्लेट, पँटचा खिसा आणि घरी फ्रिजवर. खिशात त्याच्या सोबतीला किल्ल्या आणि खाली पडलेले स्क्रू उचलण्याची चुंबकी पेन असे. औपचारिक म्हणावा असा वापर महिन्यात दोन दिवस, तोही बैठकीचे चार-चार तास. उरलेला काळ दुचाकी, लाइन, कॅन्टीन, घर आणि पाथर्डी फाट्यावरचा भाजीबाजार. ज्या घड्याळाची निवड ते चाकणच्या बैठकीकडे पाहून करायला निघाले होते, त्याला महिन्याच्या साडेचारशे तासांपैकी आठ तास बैठकीत काढायचे होते.

मोजमापाचे काम मजेत झाले. मनगटाचा घेर आम्ही कागदाच्या पट्टीने घेतो : पट्टी गुंडाळायची, जुळते तिथे खूण करायची आणि पोलादी फुटपट्टीवर मांडायची. घेर साडेसोळा सेंटिमीटर आला, आणि मनगटाचा वरचा सपाट भाग ५२ मिलिमीटर. जुन्या घड्याळाचे पट्टा अडकवायचे कान टोकापासून टोकापर्यंत ५० मिलिमीटर भरत होते, म्हणजे ते जेमतेम मावत होते. व्यास कितीही सांगितला तरी मनगटावर घड्याळ मोठे दिसते की नाही हे खरे तर या कानांच्या अंतरावरून ठरते. जाडी मोजायची वेळ आली तेव्हा साहेबांनी आपल्या पिशवीतून स्वतःचा डिजिटल व्हर्निअर काढला आणि काउंटरवर मांडलेल्या प्रत्येक घड्याळाची जाडी दशांश मिलिमीटरपर्यंत घेऊन कागदावर लिहिली. सासऱ्यांचे १३.१. माझ्या तीस वर्षांत असे गिऱ्हाईक दुसरे झाले नाही.

कफाची चाचणी मात्र व्हर्निअरने होत नाही. पूर्ण बाहीचा शर्ट घालून, कफाचे बटण लावून, हात टेबलावर पुढे सरकवायचा आणि मागे घ्यायचा. चांगले घड्याळ हात पुढे गेला की अर्धे दिसते आणि मागे आला की कफाखाली निमूटपणे जाते. १३ मिलिमीटर जाडीचे घड्याळ कफाच्या काठावर अडून राहिले आणि बाही वर चढली. साधारण १० मिलिमीटरपर्यंतची घड्याळे आत गेली. बैठकीचे घड्याळ पातळ असावे, हा संकेत नुसत्या दिसण्यापुरता नसतो.

नाकारलेले पर्याय

त्यांचा पहिला विचार आणखी महाग ऑटोमॅटिक घेण्याचा होता. किंमत वाढली की चुंबकाचा त्रास कमी होईल, ही समजूत पुष्कळांची असते. अचूकतेचे स्वित्झर्लंडमधील प्रमाणपत्र मिळालेले यंत्र दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे या मर्यादेत चालते हे खरे, पण ते प्रमाणपत्र चालीचे असते, चुंबकापासून संरक्षणाचे नव्हे. सिलिकॉनची कमान असलेली घड्याळे चुंबकाला दाद देत नाहीत. त्यांच्या किमती या अंदाजपत्रकाच्या बाहेरच्या होत्या. शिवाय पाच वेळा काढून ठेवायचे घड्याळ महाग असेल तर माणूस ते ठेवताना नाही, तर दिवसभर त्याचीच काळजी वाहतो.

स्मार्टवॉचचा विचार त्यांनीच सोडून दिला. त्यांच्या लाइनवर फोनला मनाई होती आणि मनगटावरचे यंत्र फोनच आहे की घड्याळ, यावर सुरक्षारक्षकाशी रोज वाद घालण्याची त्यांची इच्छा नव्हती. बैठकीत मनगट थरथरले आणि नजर तिकडे गेली, तर समोरच्याला आपल्या बोलण्याचा कंटाळा आला असे वाटते, हेही त्यांनी अनुभवले होते.

अतिशय पातळ क्वार्ट्झ, म्हणजे कमानीऐवजी स्फटिकाच्या कंपनावर चालणारे, घड्याळ पत्नींना फार आवडले. टायटनने २००२ मध्ये एज हे मॉडेल आणले तेव्हा अवघ्या साडेतीन मिलिमीटर जाडीची केस आणि तिच्यातले १.१५ मिलिमीटरचे यंत्र ही होसूरच्या कारखान्याची खरोखरच मोठी कामगिरी होती आणि आजही कफाखाली जाण्यात त्या जातीच्या घड्याळांचा हात कोणी धरणार नाही. पण अशा घड्याळांची जलरोधकता बहुतेक वेळा ३० मीटर असते. या आकड्याने फार गैरसमज केले आहेत. ३० मीटर म्हणजे ३० मीटर खोल पाण्यात नेता येईल असे नव्हे. प्रयोगशाळेत नव्या घड्याळावर तेवढ्या खोलीइतका स्थिर दाब देऊन घेतलेली ती चाचणी असते. वापरताना त्याचा अर्थ हात धुताना उडालेले शिंतोडे एवढाच धरावा. श्रावणात ब्रह्मगिरीची फेरी करून आलेली, काचेच्या आतून वाफ धरलेली घड्याळे आमच्याकडे दरवर्षी येतात आणि त्यातल्या निम्म्यांच्या पाठीवर पाण्याविषयी काहीतरी कोरलेले असते. मुसळधार पावसात दुचाकीवरून अंबडला जाणाऱ्या माणसाने १०० मीटर लिहिलेले घ्यावे, असा आमचा आग्रह असतो.

काचेबाबत मला माझेच मत सुधारावे लागले. मी नेहमीप्रमाणे सफायर काचेची तारीफ केली : साध्या खनिज काचेवर रस्त्याच्या धुळीतले वाळूचे कण ओरखडे काढतात, सफायरवर ती वाळू चालत नाही, कारण कठीणपणाच्या मोजपट्टीवर वाळू ७ आणि सफायर ९. साहेब म्हणाले, "काका, आमचे ग्राइंडिंग व्हील कशाचे असते माहीत आहे ना?" व्हील ॲल्युमिनियम ऑक्साइडचे, आणि सफायर काच म्हणजेही ॲल्युमिनियम ऑक्साइडच. ज्या खोलीत व्हीलची भुकटी उडते तिथे सफायरही निर्धास्त नाही, आणि सिलिकॉन कार्बाइडचे व्हील असेल तर ते तिच्याहून कठीण. तरीही सफायरच घ्यायची ठरली, पण आता "ओरखडा पडणारच नाही" हे वाक्य मी त्या भागातल्या गिऱ्हाइकांना सांगत नाही.

निवड

मुख्य अडचण चुंबकाची असल्याने क्वार्ट्झ हे जवळजवळ आपोआप ठरले. क्वार्ट्झ घड्याळात स्फटिकाची पट्टी सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावते. हा आकडा दोनाचा पंधरावा घात असल्याने पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंदाला एक ठोका उरतो. या कंपनावर चुंबकाचा परिणाम होत नाही. काटे फिरवणारी चिमुकली मोटर मात्र चुंबकावरच चालते, त्यामुळे असे घड्याळ बेसला टेकवून ठेवले तर तेवढा वेळ काटे थबकतात आणि घड्याळ मागे पडते. दूर नेले की पुन्हा चालू होते, कायमचे बिघडत नाही. म्हणजे क्वार्ट्झ घेतले तरी सरफेस प्लेटवर ठेवायची सवय सोडावीच लागणार होती. हे मी स्पष्ट सांगितले, कारण क्वार्ट्झ घेतले म्हणून पुन्हा तिथेच ठेवले आणि दहा मिनिटे मागे पडले, तर शिव्या आम्हालाच बसल्या असत्या.

सेलवर चालणारे की प्रकाशावर चालणारे, यावर थोडी चर्चा झाली. सेल दोन-तीन वर्षे टिकतो आणि बदलताना पाठ उघडावी लागते. दर वेळी पाठ उघडली की रबरी कडी नीट बसली का हा प्रश्न उरतोच, आणि रस्त्याकडेच्या टपरीवर सेल बदलल्यानंतर जलरोधकतेचा आकडा पाठीवर राहतो, घड्याळात राहत नाही. प्रकाशावर चालणाऱ्या घड्याळात तबकडीखाली सौरपट्टी असते आणि पूर्ण भरल्यावर बरीच मॉडेले अंधारात सहा महिने चालतात. लाइनवरच्या दिव्यांखाली आठ तास घालवणाऱ्याला प्रकाशाची वाण नव्हती.

शेवटी घेतले ते असे : ३९ मिलिमीटर व्यास, कानांपासून कानांपर्यंत ४६ मिलिमीटर, जाडी व्हर्निअरवर ९.६, पोलादी केस, ब्रश केलेली चेन, १०० मीटर, सफायर काच, गडद निळी तबकडी, तीन काटे आणि तारीख. आत लहान तीन तबकड्या असलेले क्रोनोग्राफ, म्हणजे स्टॉपवॉचची सोय असलेले घड्याळ, त्यांना मोहात पाडत होते, पण बैठकीच्या घड्याळावर जेवढे कमी असेल तेवढे बरे, या बाबतीत मी हट्टी आहे. सोनेरी मुलाम्याला मी स्पष्ट नकार दिला. कूलंट (मशीन थंड ठेवणारा द्रव) आणि घाम यांनी मुलामा कोपऱ्यांवरून आधी जातो आणि मग घड्याळ नुसते जुने नाही तर गरीब दिसू लागते. किंमत १५,८०० रुपये झाली. त्यावर बैठकीसाठी २० मिलिमीटर रुंदीचा काळा चामडी पट्टा, नखाने पिन सरकवून बदलता येणारा, ९०० रुपयांचा दिला. एकच घड्याळ, रोज चेन आणि चाकणला पट्टा, अशी माझी योजना होती आणि मला तिचा थोडा अभिमानही वाटला होता.

चेनच्या तीन कड्या काढल्या आणि करंगळी आत सरकेल इतकी ढील ठेवली. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा मनगट फुगते. लॉकमधली बारीक भोके त्याचसाठी असतात आणि ती एकेक घर कशी सरकवायची हे गिऱ्हाइकाला हातात देऊन दाखवले.

ठेवण्याची जागा म्हणून मी काही महागडे सुचवले नाही. पत्नींनी प्लास्टिकची एक छोटी डबी दिली, तिच्यात मऊ कापड, आणि ती मोजणीच्या टेबलाच्या लाकडी खणात, बेसपासून हातभर अंतरावर. सासऱ्यांचे घड्याळ सणासुदीला आणि सासरी जाताना घालायचे ठरले. सासर सिन्नरला, आणि चाकणचा रस्ता सिन्नरवरूनच जातो. त्यामुळे बैठकीहून परतताना तिथे चहाला थांबायचे झाले तर काय, हा प्रश्न पत्नींनी उभा केला. त्यावर तोडगा त्यांनीच काढला : येताना सिन्नर जवळ आले की गाडीतच घड्याळ बदलायचे.

इथे एक सूचना जोडावी लागली. पूर्ण चावी भरल्यावर ४१ तास चालणारे ऑटोमॅटिक घड्याळ शुक्रवारी संध्याकाळी सातला उतरवले तर रविवारी दुपारी बाराच्या सुमारास थांबते. मग ते घालायच्या वेळी चावीला वीस-पंचवीस वेळा फिरवून चालू करावे आणि तारीख लावायची असेल तर आधी काटे सहाच्या आसपास आणावेत. रात्री नऊ ते पहाटे तीन या वेळात तारखेची चाके एकमेकांत गुंतलेली असतात आणि तेव्हा घाईने तारीख फिरवली की दाते तुटतात. मोहदरी घाटाच्या अलीकडे धावत्या गाडीत हे करू नका, असेही मी सांगितले. सगळे हसले, पण सूचना खरी होती.

नंतरचे चौदा महिने

जुलैमध्ये साहेब चामडी पट्टा घेऊन आले. चाकणहून रात्री उशिरा परतल्यावर पट्टा बदलायचा राहिला आणि दुसऱ्या दिवशी तेच घड्याळ घालून ते भर पावसात अंबडला गेले, असे एकदा नव्हे तर तीनदा झाले. पट्ट्याच्या आतल्या बाजूला काळपट डाग पडले होते, कडेची शिवण उसवली होती आणि वास असा, की पत्नींनी तो कपाटाबाहेर काढला होता. चूक माझी होती. चामडे पावसाळ्यात कसे वागते हे मला ठाऊक होते, तरी मी असे गृहीत धरले की माणूस दर बैठकीनंतर पिना सरकवत बसेल. थकून घरी आलेला माणूस असे करत नाही.

नवा पट्टा देऊ का, असे विचारल्यावर ते म्हणाले, "नको काका. ऑगस्टपर्यंत चेनवरच जातो, बघू." त्या काळात ते तीन बैठकांना चेनवरच गेले आणि कोणाच्या कपाळाला आठी पडली नाही. ब्रश केलेली, न चकाकणारी चेन कफाखाली गेली की तिच्याकडे लक्ष जात नाही, हे मला निवडीच्या दिवशीच सुचायला हवे होते. पट्ट्याचे ९०० रुपये मी पुढच्या कामात वळते केले. तेव्हापासून अशा गिऱ्हाइकांना आम्ही दोन पट्ट्यांची योजना सुचवत नाही. फक्त चेन चकचकीत घेऊ नका, एवढे सांगतो.

नव्या घड्याळाची चाल सहा महिन्यांनी पाहिली तेव्हा ते महिन्याला सुमारे ८ सेकंद पुढे जात होते. काचेवर एक ओरखडा होता, आडवा, नखाला लागेल असा. तो कसा पडला हे त्यांनी विचारण्याआधीच सांगितले. कापडाच्या डबीत घड्याळ ठेवताना त्याच कापडाने त्यांनी एकदा व्हीलजवळचा गेज पुसला होता.

एप्रिल २०२५ मध्ये सासऱ्यांचे घड्याळ पुन्हा आले. दिवसाला अडीच मिनिटे पुढे. होकायंत्राची सुई पूर्वीसारखीच वळली. साहेब बुचकळ्यात पडले, कारण हे घड्याळ वर्षभरात कारखान्याच्या फाटकातून आत गेलेच नव्हते. वापरून झाले की ते थेट कपाटात जात होते.

"कपाटात कशात ठेवता?" मी विचारले.

"त्याच्याच डब्यात. मिळाले होते त्या."

डबा मागवून घेतला. निळ्या मखमलीचा, पुस्तकासारखा उघडणारा, झाकण मिटले की टप् असा आवाज करून बंद होणारा. झाकणाच्या काठात दोन चकत्या शिवलेल्या होत्या आणि घड्याळाची गादी बरोबर त्यांच्या खाली येत होती. मी एका चकतीजवळ टेबलावरचा पिन उचलण्याचा चिमटा नेला. तो हातातून सुटून झाकणाला जाऊन चिकटला.

घड्याळ पाटीवरून उतरवून पुन्हा ठीक केले. आता ते पत्नींच्या बांगड्यांच्या लाकडी डब्यात, काचेच्या हिरव्या चुड्याशेजारी असते. निळा डबा त्यांनी टाकला नाही, कारण त्याच्या आत लग्नाची तारीख आणि सासऱ्यांची सही आहे.